झाडाला पाणी कोण घालणार?

माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या बचत गटाच्या आम्ही दहाजणी. आवाज एकीचाच ऐकू येतोय, कारण माइकपुढं एकीनंच बसायचं असतं म्हणे. पण सांगणार आहोत ते गटाच्या दोन बैठकांमध्ये बसून ठरवलंय. काही गोष्टींवर आमचं आपसात पटलं नाही, तेही सांगू.

विषय आहे मोठ्या मुलांनी लहान मुलांना पर्यावरण शिकवण्याचा. आमच्या हायस्कूलची आठवी-नववीची पोरं दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत जातात आणि पहिली ते चौथीच्या मुलांचा तासभर वर्ग घेतात. यंदा तिसरं वर्ष आहे. हायस्कूलच्या बाई आम्हाला सांगत होत्या, की १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शाळेत शिकवायलाच हवा असा आदेश दिला आणि २००३ मध्ये पुन्हा बजावलं. म्हणजे विषय जुनाच. पण मोठ्या पोरांनी धाकट्यांना शिकवायचं, ही कल्पना त्या बाईंची. आम्हाला त्याचं फार नवल वाटलं नाही. घरात थोरली पोरगी धाकटीला शिकवतेच की. चुंबळ कशी वळायची, हंडा डोक्यावर घेताना मान कशी ताठ ठेवायची, हे आम्हाला आईनं नाही, थोरल्या बहिणीनं शिकवलं.

पहिल्या वर्षी काय झालं ते आधी ऐका. पोरांनी तक्ते रंगवले. एका तक्त्यावर हिरवी पृथ्वी, एकावर रडणारी पृथ्वी. घोषणा पाठ करून घेतल्या आणि प्रभातफेरी काढली. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात, हेही शिकवलं. आमच्या वाडीत ना हिरवा डबा ना निळा, आणि ओला कचरा म्हणाल तर तो शेळीच्या पोटात जातो. तरी चिमुरड्यांनी घरी येऊन आम्हाला ते म्हणून दाखवलं आणि आम्हीही कौतुकानं ऐकलं. मग ५ जून आला. कुठून तरी शंभर रोपं मिळाली, गुलमोहर आणि काशीद. पोरांनी ती गायरानावर लावली. एकेका मोठ्या मुलाला एकेक धाकटं मूल जोडून दिलं होतं. मोठ्यानं खड्डा करायचा आणि धाकट्यानं रोप धरायचं. फोटो निघाले. आम्हीही तिथं होतो, नव्हतो असं नाही.

आमच्याकडच्या पावसाची गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या पुढं पाऊस आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास, तोही आला तर. त्यातही आमचा भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा. मृगात चार थेंब पडतात आणि मग महिना-महिना नुसता वारा. तर जूनमध्ये लावलेली ती रोपं जुलैतच माना टाकायला लागली. तेव्हा पोरांनी धावपळ करून वाचवली, पुढं परतीच्या पावसानं तगली. फेब्रुवारी लागला तशी नववीच्या पोरांची परीक्षा जवळ आली आणि धाकट्यांना तर हंडा उचलतच नाही.

मग पाणी कोण घालणार? आम्हीच.

शाळेतून निरोप यायचा, घरून पाणी पाठवा. पोरगी सांगायची, 'आई, माझ्या नावाचं झाड आहे, मेलं तर सगळे हसतील.' झाड मुलाच्या नावाचं आणि खेप आईच्या डोक्यावर. विहिरीपासून गायरान अर्धा किलोमीटर, जाऊन-येऊन एक. घरचं पाणी भरून झाल्यावर, रानातली खुरपणी-काढणी उरकल्यावर ही जादा खेप. एप्रिलात विहीर तळाला गेली आणि प्यायचं पाणीच मोजून वापरायची वेळ आली. तेव्हा आमच्यातल्या एकीनं भर दुपारी हंडा खाली आपटला आणि नववीतल्या लेकीला म्हणाली, 'तुमचं पर्यावरण माझ्या डोक्यावर आलंय. उद्यापासनं तू तुझ्या झाडाला पाणी घाल, न्हाईतर वाळू दे त्याला.'

पोरगी रडली. आम्हालाही वाईट वाटलं, कारण त्या पोरीची त्यात काही चूक नव्हती. ती मनापासून करत होती.

पण तिनं पुढं जे केलं, त्यावरून सगळं बदललं. दुसऱ्या दिवशी ती एक लिटरची बाटली घेऊन बसली आणि घरातला हंडा मोजला. चौदा लिटर भरला. कळशी सहा लिटरची. म्हणजे डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी अशी एक खेप वीस लिटरची. शंभर रोपं, एकेकाला तीन लिटर, म्हणजे तीनशे लिटर. म्हणजे एका वेळच्या पाण्याला पंधरा खेपा, पंधरा किलोमीटर चाल. चार दिवसांनी एकदा म्हटलं तरी महिन्याला शंभरावर खेपा. शनिवारी तिनं हे गणित धाकट्यांच्या वर्गात फळ्यावर मांडलं आणि विचारलं, 'तुमच्या घरात पाणी कोण आणतं?' सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. एक पोरगं तेवढं म्हणालं, 'आमच्यात बाबा आणत्यात, मोटरसायकलवर.' त्यावर वर्ग हसला. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे त्या पोरीनं त्यांना विचारलं म्हणे. तो तास झाडांवर नव्हताच, तो आयांवर झाला.

त्या शंभरातली एकोणीस झाडं आज उभी आहेत. एकाऐंशी गेली. आम्ही पोरांना सांगितलं, हा आकडाही लिहून ठेवा, फोटोखाली लिहा. त्यांनी लिहिला आहे.

आता टिटवीची गोष्ट. हीच आम्हाला सगळ्यात जास्त आवडते, पण गटातल्या दोघींना वाटतं की आम्ही ती उगाच वाढवून सांगतो. तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा खड्डे खणायचा कार्यक्रम ठरला, जागा तीच, गायरानावरचा मोकळा माळ. आठवीतला एक मुलगा फक्की टाकून खुणा करत होता आणि धाकटी पोरं मागं मागं चालत होती. तिसरीतलं एक धनगराचं पोर एकदम आडवं झालं. 'दादा, हितं नको. हितं अंडी हायत.' मोठ्यांना काही दिसेना. दगडगोट्यांशिवाय तिथं काही नव्हतं. त्या पोरानं गुडघ्यावर बसून बोट दाखवलं, तेव्हा दिसली. चार अंडी, मातकट, वर काळे डाग, अगदी आजूबाजूच्या खड्यांसारखी. घरटं म्हणजे नुसती उथळ खळगी आणि कडेनं चार खडे. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. तिचं ओरडणं अपशकुनी म्हणून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती आपली अंडी राखण्यासाठी कोकलते, हे आम्हालाही त्या दिवशी नीट कळलं.

शिकवायला गेलेली पोरं त्या दिवशी शिकून आली. त्यांनी त्या पोराच्या आज्याला शनिवारच्या वर्गाला बोलावलं. म्हातारबाबा आले, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी. फळ्याकडं पाठ करून बसले आणि म्हणाले, 'तुम्ही ज्याला उजाड म्हणता त्यो माझ्या मेंढरांचा दाणा हाय.' मग त्यांनी गवतांची नावं घेतली. मारवेल कुठं उगवतं, पवना कधी कापायचा, कुसळी कोवळी असते तेव्हा मेंढरं खातात आणि वाळली की तिची कुसळं लोकरीत घुसतात. कोणत्या झुडपाच्या बुडाशी तित्तर बसतो, चंडोल जमिनीवर कुठं घरटं करतो. माळावर दाट झाडं लावली तर सावलीत गवत मरतं, आणि गवतात राहणारं सगळं निघून जातं. पुढं आठवीच्या पोरांनी बाईंना विचारून घेतलं. सोलापूरकडं नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. तो पक्षी झाडावर बसतच नाही, त्याला उघडंच माळरान लागतं. आता तिथंही माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. म्हणजे झाड लावणं चांगलं, पण कुठंही लावणं चांगलं नव्हे. आमच्या तक्त्यावरच्या हिरव्या पृथ्वीत माळाला जागाच नव्हती.

त्या वर्षी गायरानावर एकही खड्डा झाला नाही. कार्यक्रम ठरवणारे नाराज झाले. झाडं लावली ती शाळेच्या आवारात आणि घरांच्या परसात, मोरीचं पाणी जाईल अशा जागी. कडुनिंब, शेवगा, बोर. बारा रोपं, फक्त बारा. शाळेच्या पत्र्याला पन्हळ लावून खाली दोनशे लिटरचं बॅरल ठेवलं. पोरांनी पत्रा मोजला, तीस फूट बाय वीस फूट. एक मिलीमीटर पाऊस पडला तर त्यावर पंचावन्न लिटर पाणी पडतं. म्हणजे चार मिलीमीटरच्या सरीत बॅरल भरतं. बॅरल आमच्यातल्या एकीनं दिलं, रंगाचं नव्हतं, धुऊन दिलं.

हे मिलीमीटर प्रकरण आमच्या डोक्यात कसं शिरलं, ते सांगतो. टीव्हीवर 'अमुक मिलीमीटर पाऊस' सांगतात, ते आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो, पण त्याचा अर्थ कधी कुणी विचारला नव्हता. त्या नववीच्या पोरीनं प्लास्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक केलं. कसं ते सांगतो, घरी करता येईल. सरळ बाजूची मोठी बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. बुडाचा भाग वेडावाकडा असतो, तिथं खडे टाकायचे आणि खडे बुडेपर्यंत पाणी घालायचं. पाणी जिथं येईल तिथं शून्याची खूण. तिथून वर पट्टी चिकटवायची. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर, वाऱ्यानं पडणार नाही अशी ठेवायची. रोज सकाळी आठ वाजता आकडा बघायचा, फळ्यावर लिहायचा आणि पाणी पुन्हा शून्याला आणायचं. आकडा धाकट्यांनीच बघायचा असा नियम आहे. बाटली कट्ट्यावर ठेवली की त्यांचे डोळे बरोबर पाण्याच्या रेषेत येतात. मोठ्यांना वाकावं लागतं आणि वाकताना आकडा चुकतो.

मग पोरांनी पावसाचं माप आमच्या मापात आणलं. एका एकरावर एक मिलीमीटर पाऊस पडला तर ते सुमारे चार हजार लिटर पाणी होतं. चार हजार लिटर म्हणजे वीस लिटरच्या दोनशे खेपा. दुसरी-तिसरीच्या पोरांनी हे ऐकल्यावर जो गलका केला म्हणता! तेव्हापासून आमच्या वाडीतली लहान पोरं पाणी लिटरमध्ये मोजत नाहीत, खेपांत मोजतात. नळ गळत होता, त्याच्याखाली लिटरची बाटली धरली, चाळीस मिनिटांत भरली. दिवसाला छत्तीस लिटर. 'म्हणजे जवळजवळ दोन खेपा,' पहिलीतली पोर म्हणाली. दुसऱ्या दिवशी नळाचा वायसर बदलला गेला. आम्ही तो बदला म्हणून वर्षभर सांगत होतो.

आता पेरणीचं. इथं खरं पोटाचं काम होतं. बाजरीची पेरणी पहिल्या सरीवर करायची घाई आमच्याकडं सगळ्यांनाच असते. शेजाऱ्यानं तिफण धरली की आपल्याला घरात बसवत नाही. शेतीखात्याचा सल्ला असा, की पंच्याहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण तालुक्याच्या गावी पडला तेवढाच आपल्या शिवारात पडतो असं कुठं आहे? ढग ओढा ओलांडत नाही कधी कधी. त्या वर्षी जूनअखेर शाळेच्या फळ्यावरची बेरीज होती अडतीस. माती वरून ओली दिसत होती, वास सुटला होता. माणसं म्हणाली, पेरू या.

त्याच दिवसांतली एक सकाळ. फळ्यावर एकदम आकडा आला बेचाळीस. रात्री पाऊस झालाच नव्हता म्हणणारे होते, झोपेत कळलं नसेल म्हणणारेही होते. बेरीज गेली ऐंशीवर. दोन घरांत बियाण्याच्या पिशव्या बाहेर निघाल्या, ट्रॅक्टरवाल्याला फोन झाला. ती नववीची पोर तेव्हा दहावीत गेली होती, पण वही अजून तिच्याकडंच होती. तिनं जाऊन अंगणातली माती उकरून बघितली. दोन बोटांखाली कोरडी ठणठणीत. मग तिनं धाकट्यांना गोल करून बसवलं आणि विचारलं, बाटलीजवळ कोण गेलं होतं? कोणी बोलेना. शेवटी दुसरीतला एक पोरगा म्हणाला, 'मी वतलं.' का ओतलं? तर म्हणाला, 'बाबा रोज ईचारत्यात किती झाला. कमी सांगितलं की गप बसत्यात. म्हणून वतलं.'

मैत्रिणींनो, त्या पोराला काय म्हणायचं? आमच्यातली एक त्याची चुलती आहे. तिनं घरी गेल्यावर त्याला जवळ घेतलं आणि ढसाढसा रडली. त्याच्या बापावर कर्ज होतं, त्या आधीच्या वर्षी बाजरी हाताला लागली नव्हती. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीला नेलेलं घर ते.

त्या मोठ्या पोरीनं त्याला मारलं नाही की वर्गातून काढलं नाही. तिनं फळ्यावरचा बेचाळीस पुसला, शेजारी खरा आकडा लिहिला, शून्य, आणि चूक कशी झाली तेही एका ओळीत लिहिलं. पोराचं नाव न घालता. मग त्याच पोराला बरोबर घेऊन तिनं आणखी दोन बाटल्या केल्या. एक वरच्या वस्तीवर, एक ओढ्यापलीकडं. आता तीन आकडे येतात. एक वेगळाच आला तर पोरं आधी तिथं जाऊन बघतात, मग लिहितात. ओढ्यापलीकडची बाटली त्याच पोराकडं दिली. आम्हाला तेव्हा ते धाडसाचं वाटलं. दोघी-तिघी म्हणाल्याही, की ज्यानं खोटं केलं त्याच्याच हातात कसं देता? पोरगी म्हणाली, 'काकू, खोटा आकडा काय करतो ते आता त्याला सगळ्यांत जास्त कळलंय.'

पेरणीचं पुढं काय झालं तेही सांगतो, गोड करून नाही. आमच्या दहाजणींच्या घरांपैकी चार घरं थांबली, सहांनी पेरलं. बी कधी घालायचं ते आमच्या हातात असतंच असं नाही, कारभारी ठरवतो. नंतर तीन आठवडे पाऊस नाही. सहाजणींच्या रानात उगवलेलं करपलं, दुबार पेरणी करावी लागली, बियाणं पुन्हा आणि ट्रॅक्टरचं भाडंही पुन्हा. थांबलेल्या चौघींपैकी तिघींची बाजरी बरी आली. चौथीला वापसा मिळेपर्यंत फार उशीर झाला, तिनं ते रान तसंच ठेवून पुढं रब्बीला शाळू केला. म्हणजे फळा काही देव नाही. पण यंदा आषाढापर्यंत थांबायचं म्हटलं तर घरात वाद घालायला आमच्याकडं नुसतं 'मला वाटतं' नाही, आकडा आहे. सासऱ्यांपुढं सून बोलत नाही अशा घरात नातू उभा राहून सांगतो, 'आजोबा, अडतीसच झालाय.' त्याला कोण गप्प करणार?

चुलीचं राहिलंच. पहिल्याच वर्षी प्लास्टिकच्या तासाला एका चिमुरडीनं विचारलं होतं, 'ताई, मग आमची आई पिशवी टाकून चूल का पेटवते?' ताईच्या घरीही तेच होत होतं, ती गप्प बसली. राज्यात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, २०२२ च्या जुलैपासून देशभर एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आली, तरी वेफर्सच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या येतच राहतात. घंटागाडी नाही. ओली लाकडं लवकर धरत नाहीत, म्हणून प्लास्टिक. २०१६ नंतर उज्ज्वलाचा गॅस बऱ्याच घरी आला, पण सिलिंडर पुन्हा भरायचा तर पैसे लागतात. पोरांनी आम्हाला 'जाळू नका' एवढंच सांगितलं असतं तर आम्ही त्यांना वाटेला लावलं असतं. या खेपेला त्यांनी धाकट्यांकडून सुट्टीत तुरीच्या काड्या आणि वाळलेल्या गोवऱ्यांचा चुरा पोत्यात भरून घेतला, पावसाळ्यात पेटवण म्हणून. पुरला तो महिनाभर. पुढं पुन्हा पिशव्या. एवढं मात्र झालं, की पाइपचे तुकडे, वायरी, चपला चुलीत जात नाहीत. त्यांचा धूर फार विषारी असतो हे पोरींनी आम्हाला पटवून दिलं. आणि दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून पोत्यात ठेवतो, तालुक्याला भंगारवाला घेतो. आमच्यातल्या एकीची गाभण शेळी मेली तेव्हा तिच्या पोटातून पिशव्यांचा गोळा निघाला होता. मोठ्या पोरांनी तो धाकट्यांना दाखवला. काहीजणींना ते आवडलं नाही, लहान मुलांना असं दाखवू नये म्हणाल्या. ज्या बाईची शेळी होती ती म्हणाली, दाखवा.

आणखी एक गोष्ट, बायकांचा कार्यक्रम आहे म्हणून सांगतो. आठवी-नववीच्या पोरींनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, की पॅड कुठं टाकायचं? धाकट्यांना कचऱ्याचं शिकवायचं आणि आपण मात्र ते ओढ्यात नाहीतर उकिरड्यात लपवून टाकायचं, याची त्यांना लाज वाटत होती. आम्हाला उत्तर देता आलं नाही. कागदात गुंडाळून वेगळं ठेवावं, असा नियम आहे. पण वेगळं ठेवलेलं नेणार कोण? काही पोरी आता सुती कापडाचे धुऊन वापरायचे पॅड शिवतात. पण ते धुवायला पाणी लागतं आणि उन्हात वाळत घालायला आडोसा लागतो. कुणाच्या गावात यावर काही मार्ग निघाला असेल तर रेडिओला कळवा. आम्हाला खरंच हवाय.

तर त्या पोरीची दहावी झाली. आता ती अकरावीला तालुक्याच्या गावी जाते, सकाळच्या एसटीनं. तिला पुढं शिकवायचं की नाही यावर घरात बोलणं चाललं होतं. तिची आई म्हणजे हंडा आपटणारी तीच. तिनंच पोरीच्या चुलत्यापुढं खेपांचं गणित मांडलं, की माझ्या पोरीनं हे काढलंय, तुमच्यापैकी कुणी काढलं का? बोलणं तिथंच थांबलं. वही आता आठवीतल्या एका मुलाकडं आहे. तो वर्ग घेताना जरा दरडावतो, पण बाई म्हणाल्या, शिकेल.

टिटवीनं यंदाही माळावर अंडी घातली आहेत, जरा उंचवट्यावर. म्हातारबाबा म्हणतात, उंचावर घातली म्हणजे पाऊस बरा होणार. पोरांनी तेही वहीत लिहून घेतलंय, बाजूला प्रश्नचिन्ह काढून.

आज आम्ही रेडिओवर यायला निघालो तेव्हा शाळेपुढून आलो. ओढ्यापलीकडच्या बाटलीचं ते पोरगं आता तिसरीत आहे, फळ्यावर लिहीत होतं. शाळा ९, वरची वस्ती ११, ओढ्यापलीकडं ४. शाळेची मृगापासूनची बेरीज २६. आमच्या वाडीत अजून कुणी पेरलेलं नाही.